दीड फुटाच्या टाकीत काय राहील

मुलुंड पूर्व
४ फेब्रुवारी २०२४

ती. दादूकाकांस,
सविनय जयभीम वि. वि.

इकडे सगळे ठीक. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोबाईल तुम्ही हातात धरत नाही, त्यामुळे पुतणीचं अक्षर अजून शाबूत आहे. एरवी पेनाला कोण विचारतंय.

काम असं की आमच्या प्रबुद्धला मासे पाळायचे आहेत. दहा वर्षांचा घोडा झाला, पण हट्ट सोडत नाही. जागा बघता दीड फुटाचीच टाकी बसेल. दुकानदार म्हणतो, गोल्डफिश न्या. मला तुमच्यावाचून कुणाचं खरं वाटत नाही. नवशिक्याने एवढ्या टाकीत काय ठेवावं? आणि समजा, मोठ्या टाकीतला एखादा जुना मासा तिच्यात हलवायचा झाला, तुमच्या मुकादमसारखा, तर तो राहील का? सहज विचारते.

हॉलचं काम काढणार असं तुमचा हर्षद म्हणत होता. धुळीत घशाला जपा. सूनबाईला, चेतनाला, विचारलं म्हणून सांगा.

पुतणीवर आहे तेवढी माया राहू द्या.
आपली
प्रियंका


चारकोप
१० फेब्रुवारी

चि. प्रियंका हिस,
अनेक मंगल कामना.

गोल्डफिश घेऊ नकोस. तो फार घाण करतो आणि दीड फुटात त्या घाणीनेच मरतो. मेला की गिऱ्हाईक दुसरा घ्यायला येतं, म्हणून दुकानदार तोच आधी दाखवतो. फायटर घेतलास तर एकटा ठेव, सोबत फार तर गोगलगाय. ती कुणाच्या अध्यात नसते. गप्पी आणलेस तर नुसते नर आण. माद्या आल्या तर तीन महिन्यांत टाकीची चाळ होईल. सगळ्यात सोपे झेब्रा. पण सहा घे. एकटा झेब्रा कोपरा धरून बसतो. आणि मासे आणायच्या आधी महिनाभर नुसतं पाणी फिल्टरमधून फिरू दे. लोक तिथेच घाई करतात.

मुकादमचं मध्येच काय काढलंस? बोटभर आणला तेव्हा दुकानदार हसून म्हणाला होता, हा गोरामी त्याच्या मुलखात खातात, कंटाळलात तर कालवण करा. त्याला अकरा वर्षं झाली. आता हातभर झालाय. मरोळच्या कारखान्यात आमचा मुकादम पापणी न हलवता बघायचा, तसाच बघतो. मी पेपर घेऊन बसलो की काचेच्या माझ्याकडच्या टोकाला येतो. दिवसभरात माझ्याकडे तोंड करून थांबणारा या घरात तो एकटाच आहे.

दीड फुटात त्याला वळता येणार नाही. वाईट हे की तो लगेच मरणारही नाही. वर्षभर वाकडा होऊन जगेल. ज्याला जागा नाही त्याला खाडीत सोडू नये आणि कोंबूही नये. नीट मारावा. सहज विचारलंस म्हणून सहज सांगितलं.

प्रबुद्धला पापा. आठवण ठेवत जा.
तुझा
दादूकाका


मुलुंड पूर्व
१८ फेब्रुवारी

ती. दादूकाकांस,
सविनय जयभीम वि. वि.

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. प्रबुद्धने मासे मागितलेच नव्हते. टाकी तुमच्यासाठी आहे. हर्षदने बदलापूरच्या पुढे एक वृद्धाश्रम ठरवला आहे, एप्रिलपासून. तिथे खोलीत दीड फुटाहून मोठी टाकी चालत नाही. चेतनाचं म्हणणं, काहीतरी सोबत दिलं की तुम्ही कमी कुरकुराल. हर्षद म्हणाला, बाबा तुझंच ऐकतात, त्यांच्याच तोंडून मासे निवडून घे. मी बरं म्हणाले.

निदान मासे तरी तुमच्या पसंतीचे असतील, असं मी स्वतःला समजावलं. ते खरं नाही. माझे बाबा गेल्यावर तुम्ही मला चारकोपला नेलंत, कॉलेज संपेपर्यंत ठेवून घेतलंत. ‘त्यांना मुलुंडला पाठव’ एवढं काही मी हर्षदला म्हणाले नाही. आताही म्हणत नाही. आमच्या दोन खोल्या आहेत, हे कारण. तेव्हा तुमच्याही दोनच होत्या.

मुकादमला न्यायला कुर्ल्याचा एक जण तयार आहे, असं हर्षद सांगतो. रागवा, पण लिहा.

माया मागायला तोंड नाही.
प्रियंका


मुलुंड पूर्व
२७ फेब्रुवारी

ती. दादूकाकांस,
सविनय जयभीम वि. वि.

तुमचं कार्ड आलं ते आधी उलटंच ठेवून दिलं. त्यात फक्त ‘रविवारी सगळे जेवायला या, मी रांधणार’ एवढंच. पण तुम्ही इतक्या शांतपणे वाढत होतात की माझी भीती मलाच खोटी वाटली. माझ्या पत्राबद्दल एक शब्द काढला नाहीत. हर्षदही घरी सोडताना म्हणाला, बाबांनी समजून घेतलं.

कालवण झकास होतं. तीळ-खोबऱ्याच्या वाटणाने काकूची आठवण झाली. मी दोनदा वाढून घेतलं, प्रबुद्धने ताट पुसून खाल्लं. तुम्ही मात्र नुसता वरणभात घेतलात. पोट बरं नाही का?

मुकादमची टाकी कोरडी दिसली. कुर्ल्याचा माणूस येऊन गेला असणार. जड गेलं असेल, मला कळतं.

लोभ तुटू देऊ नका.
आपली
प्रियंका


चारकोप
५ मार्च

चि. प्रियंका हिस,
अनेक मंगल कामना.

पोट उत्तम आहे. दीड फुटाची टाकी घे, मी नेतो. सहा झेब्रा आणि एक गोगलगाय. पाणी आजपासूनच फिरू दे. निवड माझीच आहे, असं हर्षदला कळव.

कुर्ल्याहून कोणी आलं नव्हतं. त्या रविवारी सकाळी मी पेपर घेऊन बसलो. मुकादम रोजच्यासारखा त्या टोकाला आला, म्हणून धरायला सोपं गेलं. एका घावात संपवला. हात अजून स्थिर आहे. ज्याला जागा नाही त्याचं काय करावं, ते तुला आधीच लिहिलं होतं.

पोटाकडचा तुकडा तुला मुद्दाम वाढला, लहानपणापासून तुला तोच लागतो. डोकं हर्षदने चोखलं. चेतनाने दोनदा विचारलं, बाबा, हा मासा कुठला, इतका गोड? मी कानाला हात लावून दाखवला, ऐकू येत नाही.

तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं. तुझे ओठ मला पहिल्यापासून वाचता येतात.

प्रबुद्धला यातलं काही सांगू नकोस.

लोभ राहू दे.
तुझा
दादूकाका