पाणबुडीतली चूल

तलासरी, ता. ३ फेब्रुवारी

चि. प्रविणला बायजी आत्याचे अ. उ. आ. वि. वि.

उमेशच्या गुडघ्याची कळ थांबली का? माझ्या भावाला म्हणावं, चिकूच्या झाडावर चढणं आता पोरांवर सोड. तुझ्या आईचा खोकला? योगिताची दाढ? तुझे आतोबा इथं ठणठणीत, फक्त सोयीनं बहिरे होतात.

सुनिलच्या जीपमधून तू धाडलेली पाणबुडीवरच्या लढाईची कादंबरी पोचली. अरे, माझ्या दक्षाच्या पहिलीच्या पुस्तकावर अक्षरं जुळवायला शिकलेली मी. आजवर वाचली ती संतांची चरित्रं नाहीतर झाडपाल्याची औषधं. सवयीनं पाट मांडला, पुस्तकाला हात जोडले आणि पहिल्याच पानावर तीन माणसं मेली. दुपारी वाल सोलताना बायकांना मोठ्यानं वाचून दाखवते, पोथीसारखा रोज एकच अध्याय. शेजारची रूपी पुढचं ऐकायला शेंगा टाकून बसते.

पण नौदलात निवड झालेल्या मुलानं सोबत दोन ओळी घालू नयेत? सुनिल म्हणतो, तू तोंड पाडून होतास. काय ते लिही. फोनवर नको, तिथं आई शेजारीच असते.

तुझी,
बायजी आत्या

डहाणू, ता. ७ फेब्रुवारी

ती. बायजी आत्यास सा. न. वि. वि.

बाबांचा गुडघा तसाच, आईचा खोकला गेला, योगिताची दाढ काढली.

आत्या, माझी निवड झाली ती स्वयंपाकी म्हणून. घरी नुसतं नौदल एवढंच सांगितलंय. बाबांनी वाडीभर सांगून टाकलं की पोरगा क्षेपणास्त्रं उडवणार. आता कुठल्या तोंडानं सांगू की पोरगा चपात्या लाटणार? मला काय व्हायचं होतं ते तुला कळावं म्हणून पुस्तक धाडलं. जाणार की नाही ते सोळा तारखेपर्यंत कळवायचंय. मी नाही म्हणणार. बाबांजवळ बोलू नकोस.

तुझा,
प्रविण

तलासरी, ता. १० फेब्रुवारी

चि. प्रविणला अ. उ. आ.

पुस्तक संपलं. एका अध्यायाचा नेम रूपीनं मोडायला लावला. पाणबुडी सुखरूप वर आली तेव्हा आमचा जीव भांड्यात पडला. मग रूपीनं विचारलं, इतके दिवस पाण्याखाली ही माणसं जेवली काय? मी सगळी पानं परत चाळली. कप्तान एकदा चहा घेतो, तोही गार होतो. बस. लिहिणाऱ्यानं साठ माणसं उपाशी ठेवली आणि त्याच्या ध्यानातही आलं नाही.

म्हणून कप्तान छोटा, असं मी म्हणत नाही. मलाही तोच आवडला. पण दक्षाच्या लग्नात पाड्यातल्या माणसांबरोबर तू डाळीच्या टोपापाशी होतास. घामानं निथळत होतास आणि पंगतीत कोणी पुन्हा डाळ मागितली की मान वर करून बघत होतास. ते तोंड मला अजून दिसतं.

चुलीपाशी उभंच राहायचं नसेल तर खुशाल नाही म्हण. पण बाबांच्या धाकानं नाही म्हणणार असशील, तर आधी त्यांना सांगून तर बघ. मी सांगणार नाही, तू सांग. जेवणं झाल्यावर सांग. उपाशीपोटी उमेश लहानपणापासून कोणाचं ऐकत नाही.

बायजी आत्या

डहाणू, ता. १७ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं, चपला घातल्या आणि बाहेर गेले. आई रडू लागली. मला वाटलं, संपलं. तासाभरानं आले ते दोन कोंबड्या घेऊन. म्हणाले, रविवारी वाडीतली पाच माणसं जेवायला येणार आहेत, तू एकट्यानं कर.

रविवारी भात जरा चिकट झाला. बाबांसोबत काम करणाऱ्या लाहूकाकांनी डिवचलंच, की उमेश, पोराला बंदूक देणार की पळी? बाबा म्हणाले, ते नंतर बघू, आधी रस्सा घे. स्वतःच वाढत होते. लाहूकाकांनी तिसऱ्यांदा वाटी पुढं केली.

काल होकार कळवला. आई अजून रडते, पण आता मी लांब जाणार म्हणून. या रविवारी बाबांनी आणखी चौघांना बोलावलंय, तेव्हा मसाल्याचं सामान आणायला बाजारात निघालोय. मी महिनाअखेरीस जाईन. त्याआधी तुझं पत्र हाती पडावं, एवढंच मागणं. सुनिल शनिवारी इकडे येतो, त्याच्याकडे दे.

तुझाच,
प्रविण