जंतूची जनुकं बंद करण्याबाबत

३ डिसेंबर
मालुआक्काच्या गाईला, तांबूला, ताप. चारा सोडलाय. व्यायला पंधरा दिवस राहिलेत, त्यामुळे आक्काही नीट जेवत नाही. धीर दिला. म्हटलं, मी आहे ना. ती म्हणाली, तेचीच काळजी हाय. गंमत करते.

४ डिसेंबर, रात्री ८
भाची रूपाली, आक्काची मुलगी, धारवाडला मायक्रोबायॉलॉजी शिकते. फोनवर म्हणाली, गोचिडीचा ताप असणार. जंतू गोचिडीत असतो तोवर त्याची काही जनुकं बंद असतात. गोचीड चिकटून गरम रक्त प्यायला लागली की ऊब लागून ती चालू होतात आणि जंतू रोग करायला तयार होतो. पुढंही बरंच बोलली, पण माझं डोकं तोवर पुढं गेलं होतं. ऊबच मिळाली नाही तर? स्विच ऑफ! एवढ्या शास्त्रज्ञांना हे कसं सुचलं नाही?

५ डिसेंबर
जनावरांचे डॉक्टर आठवडाभर संकेश्वरकडे कॅम्पला. फोन लावला. कन्नडमधून घाईत म्हणाले, मोदलु उण्णे तेगीरी. आक्का फोन मागत होती, दिला नाही. घरात शुद्ध कन्नड मलाच येतं. मोदलु म्हणजे पहिल्यांदा. तेगीरी, काढा. उण्णे म्हणजे लोकर. बेळगावात स्वेटरच्या दुकानावर पाटी आहे, ऑफिसला जाताना रोज बसमधून वाचतो. पहिल्यांदा लोकर काढा! डॉक्टरही माझ्याच मताचे निघाले.
तांबूच्या अंगावरची घोंगडी ताबडतोब काढली. हिंडलग्यात थंडी फार. वाया कशाला घालवा म्हणून मीच पांघरली.

६ डिसेंबर
टेबलफॅन गोठ्यात. तीन नंबरवर. पाठीवर ओली पोती. आक्का म्हणाली, गाय हाय ती परशा, फ्रीज न्हाय. डॉक्टरांची ऑर्डर आहे म्हटल्यावर तिनं पंखा राहू दिला. मग गोचिडी वेचायला लागली, तिला थांबवलं. चिमटीची ऊब लागते.
तांबू कापतेय. जनुकं बंद पडताना असंच होत असावं.

८ डिसेंबर
नाव ठरलं: परशराम पद्धत. ऑफिसात साहेबांना अर्धा तास समजावली. न मागता चार दिवसांची रजा मिळाली. संशोधनाची कदर असलेला माणूस.
सत्काराच्या भाषणाचा मसुदा केला. शाल घेणार नाही. लोकर.

१० डिसेंबर
तांबूनं पाणीही सोडलं. आक्का तिच्या गळ्यात हात टाकून रडत होती. दोन जीव हाईत रं, म्हणाली. मला फार भीती वाटली. पंखा एक नंबरवर आणला. बंद केला नाही, तत्त्वाचा प्रश्न आहे.

१२ डिसेंबर, सकाळी ११
डॉक्टर स्वतः आले. गाय बघून माझ्यावर ओरडले, उण्णे का काढली नाही म्हणून. मी म्हटलं, त्याच दिवशी काढली सर, आणि खांद्यावरची घोंगडी दाखवली. त्यांनी घोंगडीचं टोक उचलून बघितलं. मग तांबूच्या कानातून एक टपोरी गोचीड उपटली आणि माझ्या तळहातावर ठेवली. म्हणाले, उण्णे.
एकाच शब्दाचे दोन अर्थ ठेवणं हा भाषेचा दोष आहे. असं मी म्हणालो नाही.
इंजेक्शनं झाली. आक्का दिवसभर गोचिडी वेचत होती. मला हात लावू दिला नाही.

१४ डिसेंबर
तांबूनं चारा खाल्ला. पद्धतीचा परिणाम जरा उशिरा दिसतो, एवढंच.
अंग दुखतंय. घोंगडी दोन पदरी घेतली. कानामागं खाज.

१९ डिसेंबर
ताप १०३. आक्कानं कानामागून गोचीड काढली. चौदा रात्री तांबूची घोंगडी पांघरून मीच त्या गोचिडीला ऊब देत होतो. बेळगावच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात.
पहाटे तांबू व्याली. कालवड आहे. मला अजून दाखवलेली नाही.
आक्का आत्ता येऊन गेली. थंड ऱ्हा रं परशा, म्हणाली, जनुकं बंद व्हतील. आणि टेबलफॅन तीन नंबरवर लावून गेली.