खजूरले मी एकदाच म्हटलं

उत्कर्षच्या बाबा,

मी खजूरले घेऊन शिरपूरले माह्या बहिणीच्या, सरिताच्या घरी चालली. दवाखान्यातून आलो का कुत्र्याले तोडतो, असं बोलून गेले तुमी, म्हणून कुऱ्हाड इहिरीत टाकली. भाकरी टोपल्यात हाय, डाव्या हातानं खाजा. उजव्या हाताची पट्टी भिजवू नोका. खजूरच्या लसीचं दुबईचं कार्ड टीव्हीजवळ ठेवलं, ते डॉक्टरले दाखवजा.

पोराले फोन करून शिव्या देऊ नोका. दुबईत आपल्या बोलीत बोलाले त्याले कोणी नव्हतं, त तो या कुत्र्यासंगच बोले. इथं आणून ठेवलं तवा मले सांगून गेला, "आई, यानं काही तोंडात धरलं त फक्त 'सोड' म्हणजो."

आज सकाळी तुमी माहे केस धरून पट्ट्यानं हाणून राह्यले होते, तवा खजूरनं तुमचा हात धरला. हाडावर दात वाजले ते मी आयकलं, तरी जराशी थांबली. मंग 'सोड' म्हटलं. एकदाच. त्यानं सोडलं.

तुमाले मी तेच सत्तावीस वर्सापासून म्हणून राह्यली.