चन्नाप्पाला अकरा मतं

॥ श्री जोतिबा प्रसन्न ॥

कोल्हापूर, १२ ऑक्टोबर १९९७

ती. स्व. कृष्णातमामांस,
उदयसिंहचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक. आईचा गुडघा दुखतो, पण जिना उतरून शेजारणीकडे जाताना दुखत नाही, असं मी म्हटलं तर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

पत्राचं कारण वेगळं आहे. आपल्या फुटबॉल गौरव दालनात दरवर्षी दोन खेळाडूंचे फोटो लागतात. पहिल्याच वर्षी तुमचा लागला, तो योग्यच होता. पण नंतर समितीच्या नऊ जणांनी कुणाचा मेहुणा, कुणाचा व्याही असेच भरलेत. यंदा मी चिटणीस झालो आणि भांडून ठराव करून घेतला. एक नाव समिती ठरवेल, दुसरं प्रेक्षक. पेपरात कुपन येईल, त्यावर नाव लिहून पाठवायचं. वर्षानुवर्षं उन्हात उभं राहून ज्यांनी खेळ बघितला, त्यांना कुणी विचारायचंच नाही का?

तुमच्या संघाचे गोलकीपर चन्नाप्पा यांचं नाव दरवर्षी सुचवलं जातं आणि दरवर्षी फेटाळलं जातं. का, ते कुणी सांगत नाही. लोक त्यांना न्याय देतील असं मला वाटतं. त्यांच्या बाजूनं दोन ओळी लिहून द्याल का?

मामींना नमस्कार. राग आला तरी उत्तर धाडाच.

तुमचा,
उदयसिंह


मुरगूड, २० ऑक्टोबर १९९७

चि. उदयसिंह यास अ. उ. आ.

राग आला, म्हणून लगेच उत्तर धाडतोय.

अरे, मैदानावर वरडणारा वेगळा आणि निवाडा करणारा वेगळा. ज्यानं अर्धा जन्म आपल्या पेठेच्या झेंड्याखाली काढला, तो दुसऱ्या पेठेच्या खेळाडूचं नाव लिहील व्हय? ज्या पेठेत डोकी जास्त, तिथला खेळाडू मोठा, असंच हुणार की. आमचा खेळ बघितलेली माणसं आता किती उरलीत? आणि जी हायत ती कात्री घेऊन कुपन कापत बसणार न्हाईत.

चन्नाप्पाचं म्हणशील तर दोन अक्षरं बी देणार न्हाय. अडुसष्टच्या फायनलला शेवटच्या पाच मिनिटांत एक साधा बॉल त्यानं सोडला आणि आम्ही हरलो. समोरच्या संघात त्याचा सख्खा मेहुणा खेळत हुता. मी दहा पावलांवर हुतो, माझ्या डोळ्यांनी बघितलंय. तवापासनं त्याच्याशी बोललेलो न्हाय. त्याचं नाव कोण फेटाळतंय म्हणून विचारतोस, तर ऐक. समितीत हुतो तवर मीच फेटाळत हुतो. मी सुटलो, पण बाकीच्यांच्या डोक्यात घालून ठेवलं ते तसंच राहिलं.

आक्काला सांग, जिना उतरायचा आणि बोलायचं बी. माया हायच, ती काय कुपनावर न्हाय.

तुझा,
कृष्णातमामा


कोल्हापूर, ७ डिसेंबर १९९७

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचंच खरं झालं, आणि त्याचाच जास्त संताप येतोय. वरच्या पेठेतल्या पोरांनी पेपरचे गठ्ठेच्या गठ्ठे उचलले आणि रात्रंदिवस कुपनं कापली. एकाच हस्ताक्षरातली चारशे मी स्वतः मोजली. निवडून कोण आलं? चोवीस वर्षांचा फॉरवर्ड. मोठ्या संघाकडून त्याचा हा तिसरा हंगाम. त्याला सहा हजारांवर मतं, चन्नाप्पांना अकरा. पोराचा दोष नाही, तो बिचारा स्वतःच लाजून गेला. मला म्हणाला, साहेब, मी अजून खेळतोय, मला आत्ताच कशाला भिंतीवर टांगताय.

पण त्या ढिगात एक साधं पोस्टकार्ड सापडलं. निपाणीच्या गणपतरावांचं. अडुसष्टच्या फायनलला ते समोरच्या संघात फॉरवर्ड होते. समितीपुढं मी ते वाचायला घेतलं, तर अध्यक्ष म्हणाले, कुपन नाही म्हणजे मत नाही, बाजूला ठेवा. मी बाजूला ठेवलं नाही. सोबत पाठवतोय. त्यांनी लिहिलंय की पहिल्या हाफमध्ये त्यांचा बूट चन्नाप्पांच्या मनगटावर बसला आणि हाड मोडल्याचा आवाज त्यांनी स्वतः ऐकला. संघाकडं दुसरा गोलकीपर नव्हता, म्हणून चन्नाप्पा रुमाल बांधून शेवटपर्यंत उभे राहिले आणि कुणाला बोलले नाहीत. गणपतरावही बोलले नाहीत, कारण फाऊल त्यांचा होता.

मामा, तुम्ही दहा पावलांवर होता. मोठ्या माणसाला जास्त लिहीत नाही.

चुकलं असेल तर कान धरा, पण हात सोडू नका.

उदयसिंह


मुरगूड, २१ डिसेंबर १९९७

चि. उदयसिंह यास अ. उ. आ.

कार्ड मिळाल्यावर चार दिवस दुकान उघडलं, पण एका सायकलीला हात लावला न्हाय. तुझी मामी म्हणाली, जायचं असलं तर जाऊन या, पंक्चरच्या गिऱ्हाइकांना मी सांगते. पाचव्या दिवशी कागलची एसटी धरली.

चन्नाप्पाची तिथं पिठाची गिरणी हाय. मला बघून त्यानं पट्टा थांबवला. अंगभर पीठ, भुवया सुद्धा पांढऱ्या. शिवम्मावहिनींनी पाणी आणलं, या भावजी म्हणाल्या, जसा काय मी गेल्या आठवड्यात येऊन गेलतो. मी कार्ड पुढं केलं. त्यानं दोनदा वाचलं. मग म्हणाला, मनगट मोडलं हुतं ते खरं. पण डावं. बॉल उजवीकडनं आला. टप्पा चुकला माझा. त्या गोलाला मनगटाचं निमित्त नको.

मी म्हणालो, लेका, मी तुला फितूर समजत हुतो, सगळ्यांना तसंच सांगत हुतो, तू एकदा तरी का बोलला न्हाईस? त्यावर त्यानं मला विचारलं, एकोणतीस वर्षांत तू एकदा तरी इचारलास काय?

उदय, लोकांनी कुपनं कापून माती केली खरी. पण मी ती न कापता केली. पुढच्या बैठकीला मी येतोय. अध्यक्षाला सांग, कुपन न्हाय, माणूस येतोय.

तुझा,
कृष्णातमामा


कोल्हापूर, ११ जानेवारी १९९८

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

बैठकीत तुम्ही उभे राहून सगळ्यांसमोर आपली चूक सांगितलीत, तेव्हा मी मान वर केली नाही. वाटलं होतं, आता तरी होईल. तुम्ही गेल्यावर समितीनं दोन गोष्टी केल्या. यंदाची नावं ठरलीत म्हणून चन्नाप्पांचा विषय पुढं ढकलला, आणि कुपनाचा घोळ नको म्हणून प्रेक्षकांचा हक्कच काढून घेतला. मी म्हणालो, डोकी मोजू नका, पण कुणी काही बघितलं असेल आणि लिहून कळवलं असेल, तर निवडीआधी ते मोठ्यानं वाचा. चार हात वर झाले, पाच खाली राहिले.

राजीनामा लिहिला होता. आईनं त्याच्यावर चहाची कपबशी ठेवली आणि म्हणाली, तू बाहेर पडलास तर त्या चौघांचे हात सुद्धा खाली येतील. पुढच्या वर्षी ठराव परत मांडतो.

तोवर आशीर्वाद असू द्या, आणि थोडी शिवीगाळही.

उदयसिंह


मुरगूड, २७ जानेवारी १९९८

चि. उदयसिंह यास अ. उ. आ.

पाच जणांना जी शिवी घालायची ती घरात घालून झाली, मामीनं ऐकली. ठराव सोडू नगंस.

रविवारी चन्नाप्पाला घेऊन मॅचला आलतो. तुला कळवलं न्हाय, कारण तू त्याला धरून खुर्चीवर बसवला असतास. तो नकोच म्हणाला. मातीच्या पायरीवर, गर्दीत जागा धरली. एकोणतीस वर्षांनी त्यानं मैदान बघितलं. खेळ सुरू झाला आणि त्याला राहवंना, उठून उभाच राहिला. मागनं एक जण वरडला, ओ पावणं, खाली बसा की, दिसंना झालंय!

माझं डोकं फिरलं. तू कुणाला बस म्हणतोयस, हे त्याला सांगायला मी वळलो, तर चन्नाप्पानं माझा दंड धरला. खरं हाय त्याचं, म्हणाला, आणि बसला.

मग काय, हाफटाइमपर्यंत मागचा आणि हा मिळून गोलकीपरला शिव्या घालत हुते. पुढं ये, पुढं ये की रं, म्हणून चन्नाप्पाचा घसा बसला.

परत जाताना एसटीत विचारत हुता, पुढची मॅच कवा हाय. तारीख कळव.

तुझा,
कृष्णातमामा