इंदूआत्याचा डबा अजून माझ्याकडेच आहे

प्रताप नगर, नागपूर

तीर्थरूप इंदूआत्या हिला भैरवीचा नमस्कार (कंबर धरली आहे, म्हणून अर्धाच वाकून).

‘भैरवे, तुले माणसं वाचायचा मोठा शौक आहे वं, पण तू पुस्तक उलटं धरते,’ असं तू मला म्हणाली होतीस. मी तेव्हा दहा वर्षांची होते. घरी आलेले पाहुणे दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत, म्हणून मी त्यांना गर्विष्ठ ठरवून गल्लीभर सांगून आले होते. त्यांनी नुकतीच कवळी बसवली होती. हे वाक्य मी छत्तीस वर्षं सांभाळून ठेवलं आणि ते खोटं ठरवायला यंदा मानसशास्त्राच्या सहा महिन्यांच्या वर्गात नाव घातलं. तुझे गुडघे कसे आहेत? सक्करदऱ्याच्या तळ्यावर सकाळी फिरायला जातेस ना अजून? तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र.

वर्ग चांगला आहे. शिकवणाऱ्या नीला मॅडम म्हणतात, आधी घरातली माणसं नीट बघा. मी बघितली. उन्मेष मिहानच्या ऑफिसातून आला की तासभर बोलत नाही, हे तुला माहीतच आहे. (जावई मुका आहे का, असं तूच लग्नात विचारलं होतंस.) मी ओळखलं, हा दडपलेला राग आहे. त्याच्यासमोर बसले, शिकवल्याप्रमाणे मान डोलावली आणि मऊ आवाजात म्हटलं, तुला आत्ता नेमकं काय वाटतंय ते मोकळेपणी सांग. तो स्वयंपाकघराकडे बघत म्हणाला, ‘मले वाटून राहिलं, भात लागून राहिला.’ लागलाच होता. त्या रात्री आम्ही पोळी खाल्ली.

मग शेजारचे रुपराव. त्यांच्याकडे एक निळं प्लास्टिकचं स्टूल आहे. त्यावर ते बसले की क्रिकेटमध्ये भारत जिंकतो, अशी त्यांची श्रद्धा. मी त्यांना अर्धा तास समजावलं की जिंकलेले सामने आपल्या लक्षात राहतात, हरलेले आपण सोयीनं विसरतो, स्टुलाचा त्यात काही संबंध नाही. रुपराव सज्जन माणूस. सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सामन्याला बोलावून मलाच त्या स्टुलावर बसवलं. भारत हरला, तोही शेवटच्या चेंडूवर. आता अख्ख्या इमारतीत सामना असला की आधी माझं दार लावलेलं आहे ना ते बघतात. (खरं सांगू? त्या स्टुलाकडे हल्ली मीही जरा जपूनच बघते.)

पण आत्या, हे सगळं मी तळ्याला वळसा घालावा तसं सांगते आहे. मुद्दा मागच्या वर्षीच्या मारबतीचा. पोळ्याचा दुसरा दिवस. तिकडे जुन्या नागपुरात इडापिडा घेऊन जाणाऱ्या मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघाली असेल, म्हणून मीही रीतीप्रमाणे घर झाडत नको त्या गोष्टी बाहेर हाकलत होते. खोकला घेऊन जा गे मारबत! झुरळं घेऊन जा गे मारबत! झाडू फाटकापर्यंत आला, आवाज चढला, आणि मी ओरडले, इंदूआत्याचे टोमणे घेऊन जा गे मारबत! वर बघते तर फाटकात तू, हातात पुडाच्या वड्यांचा डबा. डबा कुंपणाच्या भिंतीवर ठेवलास आणि आलेल्या ऑटोनंच परत गेलीस. टोमणा मारला असतास तर बरं झालं असतं. त्याला आता अकरा महिने झाले.

गेल्या आठवड्यात मॅडमनी एक अभ्यास दिला. मनातली एक पक्की समजूत घ्या आणि कागदावर डावीकडे तिच्या बाजूचे पुरावे लिहा, उजवीकडे विरुद्ध. मी लिहिलं, इंदूआत्याला मी आवडत नाही. डावी बाजू दहा मिनिटांत भरली, चौदा टोमणे, सालासकट. उजवीकडे काहीच सुचेना. मग बाबा गेले तेव्हाचे दिवस आठवले. तू माझ्यासमोर ताट धरून बसायचीस आणि म्हणायचीस, ‘खाय वं, फडताळातल्या पालीसारखी दिसून राहिली.’ आता हा टोमणा डावीकडे लिहायचा की उजवीकडे? मग एकेक बघत गेले, तर चौदापैकी अकरा टोमण्यांच्या वेळी तुझ्या हातात माझ्यासाठी काहीतरी खायला होतं. आणि ज्या मिनलवहिनीशी तू इतकं गोड बोलतेस, तिच्या घरी तू वर्षानुवर्षं पाण्याचा घोटही घेतलेला नाहीस. मी पुस्तक उलटंच धरलं होतं, आत्या. मला माफ कर.

डबा परत द्यायला मी दोनदा आले होते. तुझा डबा रिकामा कसा द्यायचा, म्हणून चिवडा भरून आणला, तळ्याला चक्कर मारली आणि तुझ्या गल्लीत न वळता परतले. (याला वर्गात ‘टाळणं’ म्हणतात. चिवडा दोन्ही वेळा मीच खाल्ला.)

तुझी,
भैरवी

ता. क. खोटं बोलणार नाही. हे पत्र अभ्यासाचा भाग आहे, खरोखर पोस्टात टाकलं तर दहा गुण आहेत. पण एकदाच लिहायचं होतं, मी पाच वेळा लिहिलं.

आणखी एक. डबा मी पाठवणार नाही. पुढच्या महिन्यात पोळा आहे. मारबतीच्या दिवशी तू इथे ये, माझ्या फाटकात उभी राहा आणि सगळी गल्ली ऐकेल अशी ओरड, भैरवीचं शहाणपण घेऊन जा गे मारबत! मग डबा ने. तू नाहीच म्हणशील, मला माहीत आहे. गुडघ्यांचं कारण सांगशील, म्हणून तुला बसायला रुपरावांचं स्टूल मागून ठेवलं आहे. त्यांनी दिलं, फक्त त्यावर मी बसायचं नाही या अटीवर. येशील?