कमानीतली भोकं

बाबा, पूल पडला. अख्खा नाही, दुसऱ्या कमानीवरची बाजूची भिंत आणि तिच्यासोबत वरचा अर्धा रस्ता. चार दिवस झाले. माझं जिच्यावर मन आहे ती मुलगी मालवणहून स्कूटीवर येत होती, मी अलीकडच्या टोकाला हात वर करून उभा. भिंत आधी पोटासारखी फुगली, मग नदीत गेली. आवाज नंतर आला. तिचं पुढचं चाक काठापासून वीतभर लांब थांबलं होतं.

तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. मी डिप्लोमाला गेलो, सिव्हिललाच, आणि दुसऱ्या वर्षी सरांशी भांडून परत आलो. भांडण निमित्त होतं. ती पलीकडच्या गावात राहते, एवढंच कारण होतं.

पावसाळा संपला की तुम्ही, पुलाचे गवंडी, दोराला लोंबकळत कमानींखाली उतरायचात. मी सहा-सात वर्षांचा, काठावर बसलोय. तुम्ही सांगताय, मिठाच्या बैलगाड्या घाटाकडे जाव्यात म्हणून इंग्रजांच्या वेळी हा बांधला. खांब काळ्या दगडाचे, पुराचं पाणी चिरलं जावं म्हणून वरच्या अंगाला टोकदार. त्यांच्यावर जांभ्या चिऱ्याच्या पाच कमानी, चुन्यात गूळ आणि हिरडा, आणि पुलाच्या पोटात नुसती माती नि खडी. प्रत्येक कमानीत मुठीएवढी भोकं. ती तुम्ही सळईने मोकळी करताय. हाताला लागणाऱ्या एका भोकात मी चिखलाचा गोळा कोंबतो आणि तुम्ही माझा कान पिळता. "पुलाक मुताक व्हया रे मेल्या. तुका दोन दिस धरून ठेव म्हटलंय तर रवशीत?" मग स्वतःच हसलात.

यंदा आम्ही पहिल्या कमानीखाली भेटायचो. एकदा पावसात तिच्या केसांवर कमानीतून थेंब पडले. "तुझ्या बापाशीचो पूल गळता रे," ती म्हणाली. "ते दुरुस्त करत होते, काय नुसते लोंबकळत होते?" माझं डोकं सणकलं. दुसऱ्या दिवशी सिमेंटची गोणी आणली, तुमचाच दोर बांधला आणि दोन कमानींची सगळी भोकं बुजवली.

"आता गळता?" मी वरून विचारलं.

"नाय बा. बापाशीपेक्षा शाणो निघालंस."

पाऊस मुरत राहिला, पाण्याला वाट नव्हती, आतली माती फुगली. काल बांधकाम खात्याच्या ऑफिसातले साहेब येऊन बघून गेले. "जुन्या गवंड्यांचं अंदाजाचं काम. पाडून टाकू," म्हणाले, आणि तुमच्याबरोबर काम केलेल्या माणसांनीही माना डोलावल्या. उरलेल्या तीन कमानी, ज्यांना मी हात लावला नाही, त्या धो धो गळतायत आणि उभ्या आहेत. ते कुणी बघत नाही. तिने पुलाच्या राखणदाराला, त्या जागेच्या देवाला, नारळ दिला. "देवान वाचवल्यान," म्हणते. मी तिच्याशेजारी हात जोडून उभा राहिलो.

सोमवारी ग्रामसभा आहे, पूल पाडायचा ठराव तिथेच होणार. मी उठून सिमेंटचं सांगणार आहे, तिच्यासमोर. मग ती बोलेल न बोलेल. हा कागद तुमच्या दोराच्या वेटोळ्यात ठेवतो. दुसरीकडे कुठे पाठवणार.

सभेत मी म्हणेन की मला माहीत नव्हतं. तुमच्यापाशी मला तसं म्हणता येत नाही. दुसऱ्या कमानीचं शेवटचं भोक बुजवताना तुमचं बोलणं आठवलं होतं, बाबा. कानही गरम झाला होता. ती खालून बघत होती, म्हणून हात थांबवला नाही.