हळदीचा उजेड

बंगळूर, दसऱ्यानंतरचा शनिवार

ती. कृष्णाआत्यास देवश्रीचा वाकून नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? (फोनवर सांगू नकोस, फोन बंद ठेवलाय. कारण पुढे येईलच.) मी मजेत. खंडेनवमीला तर आनंद गगनात मावत नव्हता.

तुला ठाऊकच आहे, इथल्या प्रयोगशाळेत मी चिकटपट्टीने एक काळा, चकचकीत खडा सोलत बसते. सोलता सोलता एकच थर उरला की त्यावर निळा लेसर टाकायचा. आतला इलेक्ट्रॉन जागचा उठतो, मागे रिकामी जागा राहते, पण दोघं एकमेकांना सोडत नाहीत. (या जोडीला एक्सायटॉन म्हणतात, तू नवरा-बायको म्हण, चालेल.) ती पुन्हा एक झाली की लाल प्रकाश पडतो. जाड खड्यात तो जवळजवळ नसतोच, आणि माझ्या एकेरी थरातही आजवर दिसला नव्हता. या खेपेलाही हुकला असता, तर माझ्या मार्गदर्शक कस्तुरी मॅडम मला विषय बदलायला लावणार होत्या.

खंडेनवमीला इथे सगळ्या यंत्रांची पूजा असते. मी तू पाठवलेली सांगलीची हळद काढली, सूक्ष्मदर्शकाला बोटं ओढली, लेसरला झेंडू वाहिला (माझ्या शेजारी बसणाऱ्या नागराजने कोहळा फोडला, तो नेमका मॅडमच्या चपलांवर) आणि मुहूर्त साधून लगेच नमुना लावला. आत्या, काय तो उजेड! पडद्यावरची रेघ पार वर भिडली. मी नाचले, नागराजही नाचला, आणि त्याच भरात अण्णांना फोन केला, शोध लागला म्हणून. अण्णांनी अख्ख्या निपाणीत पेढे वाटले आणि दिवाळीनंतर शाळेत माझा सत्कारही ठरवून टाकला.

मग मॅडम आल्या. (इथल्याच जुन्या मराठी घरातल्या, ‘जरा’ला कानडीतलं ‘स्वल्प’ म्हणतात.) म्हणाल्या, “लाल पाहिजे की ग, हा पिवळा कसा? स्वल्प बोट दाखव बघू.”

दाखवलं, हळदीने माखलेलं. त्याच बोटाने नमुना लावला होता. निळ्या लेसरखाली हळद चमकते, आत्या. फारच छान चमकते.

तुझी (अजून तरी) लाडकी भाची,
देवश्री

ता. क. अण्णांना तूच सांग ना ग. थोरल्या बहिणीचं ते ऐकतात. त्यांचा पडलेला आवाज मला ऐकवणार नाही, म्हणून तर फोन बंद.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवणार तोच नागराज ओरडत आला. नमुना हलकेच धुऊन पुन्हा लावला होता. कोपऱ्यात लाल प्रकाश आहे! मिणमिणता, पण खरा. मॅडमनी स्वतः पाहिला. तेव्हा अण्णांना काही बोलू नकोस. फक्त पेढे पुन्हा वाटायला लाव. मागचे तुझ्या हळदीचे होते, हे माझे.